मिस, मिसेस की मिझ? इंग्रजीत बाईच्या नावाआधी काय लिहायचं आणि जुन्या कागदात ते कसं वाचायचं

इंग्रजीत मेल लिहायला बसलं की मजकूर जमतो, स्पेलिंग कॉम्प्युटर बघतो, पण समोर बाई असली की पहिल्याच ओळीत हात थांबतो. मिस लिहू का मिसेस लिहू, का ते एमएस लिहू जे वाचायचं कसं तेच माहीत नसतं, आणि मग बरेच जण सरळ 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' टाकून मोकळे होतात. हे तिन्ही शब्द एकाच शब्दातून आलेत, मिस्ट्रेस, आणि त्याचा अर्थ गेल्या चार-पाचशे वर्षांत इतका फिरलाय की १७५० सालचं मिसेस आणि १८५० सालचं मिसेससुद्धा एक नाही. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण पुरुषाला मिस्टर म्हटलं की काम संपतं, त्याचं लग्न झालंय का हे कुणी विचारत नाही, बाईच्या बाबतीत मात्र आपण नकळत तिची खासगी माहिती पाकिटावर लिहून पाठवतो. म्हणून ज्यांना आजच मेल पाठवायचाय त्यांच्यासाठी आधी सांगते, आणि जुनी पत्रं, कादंबऱ्या, चर्चमधल्या शिळा वाचणाऱ्यांसाठी नंतर.

आजचा मेल

पहिलं काम म्हणजे ती बाई स्वतःला काय म्हणवते ते शोधा. तिच्या आधीच्या मेलखालची सही, कंपनीच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या साइटवरचं तिचं पान, लिंक्डइन, फार वेळ लागत नाही. तिने मिसेस लिहिलं असेल तर मिसेसच लिहा, मिस लिहिलं असेल तर मिस, आपल्याला काय पटतं याचा तिथे संबंध नाही. पुष्कळ बायकांना मिसेस आवडतं, त्या ते अभिमानाने लावतात, आणि त्यांना मुद्दाम मिझ म्हणणं हाही आगाऊपणाच आहे.

काहीच सापडलं नाही तर मिझ. म्हणजे कॅपिटल एम आणि स्मॉल एस, अमेरिकेत पुढे टिंब देतात, ब्रिटनमध्ये बहुतेक देत नाहीत. उच्चारातला झ 'झाड'मधला, 'झेंडा'मधला नाही. फोनवर बोलणाऱ्यांनी याची थोडी सवय करा, कारण आपल्या तोंडातून घाईत मिस निघून जातं आणि समोरच्या पन्नाशीच्या मॅनेजरबाईंना ते अगदीच वेगळं ऐकू येतं.

त्याच्यापुढे आडनाव लावायचं. मिझ कुलकर्णी, मिझ टेलर. आपल्याकडे 'डिअर मिस स्नेहा' फार चालतं कारण आपल्याला स्नेहाताई, स्नेहा मॅडम म्हणायची सवय, पण इंग्रजीत मिसच्या पुढे पहिलं नाव आलं की ते लहान मुलीशी बोलल्यासारखं किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोब्याने हाक मारतात तसं होतं, ऑफिसच्या मेलमध्ये ते बसत नाही. आडनाव कुठलं आणि नाव कुठलं हेच कळत नसेल, चिनी, कोरियन, तमिळ नावांत आपलं होतंच असं, तर पूर्ण नाव लिहा आणि आधी काहीही लावू नका. समोर बाई आहे का पुरुष हे माहीत नसेल तरी तेच करा.

आणि पद असेल तर पद आधी, मिस-मिसेसचा प्रश्नच येत नाही. परदेशात मास्टर्स, पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींनी हे पक्कं लक्षात ठेवा, एकाच डिपार्टमेंटला मेल पाठवताना पुरुषांना 'प्रोफेसर' आणि बायकांना 'मिसेस' असं होतं, मुद्दाम कुणी करत नाही पण होतं, आणि त्या बाईंनी ते आयुष्यभर पाहिलेलं असतं त्यामुळे पहिल्या दोन शब्दांतच तुमच्याबद्दलचं मत बनतं. पाठवायच्या आधी दोन्ही मेल शेजारी उघडून बघा.

युकेला जाणाऱ्या डॉक्टरांसाठी मात्र एक उलटी गोष्ट आहे. तिथे फिजिशियन डॉक्टर असतो पण सर्जन झाला की तो पुन्हा मिस्टर होतो, कारण पूर्वी सर्जन हे न्हाव्यांच्या गिल्डमधून, म्हणजे व्यवसायसंघातून, शिकून यायचे, युनिव्हर्सिटीची डॉक्टरची पदवी त्यांच्याकडे नसायची, आणि पुढे तोच त्यांचा मान झाला. त्यामुळे बाई सर्जन झाली की ती मिस किंवा मिसेस किंवा मिझ. यात मिस लावणाऱ्या खूप जणी आहेत आणि त्यांची लग्नं झालेली असतात, मुलं असतात, तिथे मिस म्हणजे फक्त 'ही सर्जन आहे'. ऑपरेशनच्या चिठ्ठीवर मिस अमुक बघून 'ह्या अजून शिकाऊ दिसतात' असं पेशंटच्या नातेवाइकांना वाटतं, तर वाटू देऊ नका, त्याच कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, असू शकतात.

शाळेतही तसंच. ब्रिटिश शाळांत मुलं पुरुष शिक्षकांना सर आणि बाईंना सरसकट मिस म्हणतात, लग्न झालेलं असो नसो. आपल्या इंग्लिश मीडियमच्या शाळांत 'मिस, मिस' म्हणून हात वर करणारी पोरं असतात त्यांची मिसही तीच. बायकांनी मात्र तिकडे हे बोलून दाखवलंय की सर म्हणजे सरदारकीचा शब्द आणि मिस म्हणजे कुमारी, एकाच स्टाफरूममधल्या दोघांना हे वेगळं माप कशाला, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

मॅम आणि मॅडमबद्दल

आपल्याकडे मॅम, मॅडम म्हणजे सरळ आदर. अमेरिकेत दक्षिणेकडे मॅम न म्हणणं हा उद्धटपणा, आणि इतर ठिकाणी बऱ्याच बायकांना मॅम ऐकलं की आपलं वय काढलं असं वाटतं. २००९ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी सुनावणीत एका लष्करी अधिकाऱ्याला मला मॅमऐवजी सिनेटर म्हणा असं सांगितलं, ते पद मिळवायला मी खूप कष्ट केलेत असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर त्यांना खूप बोलणीही खावी लागली कारण लष्करात मॅम हा आदराचाच शब्द आहे. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर. यातून आपण घ्यायचं ते एवढंच की पद माहीत असेल तर मॅमपेक्षा पद वापरलेलं बरं.

पण मॅडमची एक जागा खरंच सांभाळायची आहे. 'आमच्या मॅडमनी सांगितलं' याचं आपण 'अवर मॅडम टोल्ड' करतो. हाक मारताना मॅडम ठीक, पण इंग्रजीत तिसऱ्या माणसाला सांगताना 'द मॅडम', 'अवर मॅडम' म्हटलं की त्याचा एक जुना अर्थ कुंटणखाना चालवणारी बाई असा आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो येऊन जातो. तिथे नाव घ्या, नाहीतर माय मॅनेजर, माय टीचर म्हणा.

मिस्ट्रेस हा शब्द तर आज कुठल्याच जिवंत बाईसाठी लिहू नका. आपल्याकडे हेडमिस्ट्रेस अजून पाट्यांवर आहे आणि त्यात काही वाईट नाही, पण बाहेरच्या देशात नोकरीसाठी बायोडेटा पाठवताना हेडटीचर किंवा प्रिन्सिपल लिहा. बातमी किंवा लेख लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघा. विवाहित पुरुषाशी संबंध असलेल्या बाईला मिस्ट्रेस म्हणायची रीत होती, २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या स्टाइलबुकमधून, म्हणजे लेखनाच्या नियमांच्या पुस्तकातून, सांगितलं की हा शब्द नको, त्याऐवजी कंपॅनियन, फ्रेंड, लव्हर यातलं काही लिहा. त्यावरही टीका झाली की या शब्दांनी नातं नीट कळत नाही, पण मूळ मुद्दा मला पटतो, मिस्ट्रेस म्हटलं की सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी येतो आणि लग्न मोडणाऱ्या पुरुषासाठी त्या जोडीचा शब्दच नाही. मास्टर शब्द बघा, अजून बुद्धिबळाच्या ग्रँडमास्टरपासून मास्टर्सच्या डिग्रीपर्यंत मानाने फिरतोय. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ च्या पुस्तकात नेमकी हीच जोडी समोर ठेवली होती की एकाच घरातल्या या दोन शब्दांपैकी पुरुषाचा शब्द सत्तेकडे गेला आणि बाईचा शब्द बिछान्याकडे.

जुनं वाचताना आधी साल बघा

आता जुन्या कागदांकडे येऊ, आणि इथे थोडं रेंगाळते कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जुनं इंग्रजी पत्र, मृत्युपत्र, नाटक, कादंबरी काहीही हातात घेतलं की मिसेस दिसल्याबरोबर 'लग्न झालेली' असं मनात लिहू नका, आधी साल शोधा.

मिस्ट्रेस हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, मास्टरचं स्त्रीलिंग. मालकीण, घर चालवणारी, नोकरांवर हुकूम असणारी, शिकवणारी. शेक्सपिअरच्या विंडसरच्या बायकांच्या नाटकात मिस्ट्रेस पेज आणि मिस्ट्रेस फोर्ड या लग्न झालेल्या आहेत, आणि पेजबाईंची लग्नाची मुलगी ॲन, तिलाही मिस्ट्रेस ॲन पेजच म्हणतात. कारण तो मान घराण्याचा आहे, कुंकवाचा नाही. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा मोठा शब्दकोश आला त्यात मिस्ट्रेसचे अर्थ काढून बघा: सत्ता चालवणारी स्त्री, एखाद्या गोष्टीत निपुण स्त्री, शिक्षिका, जिच्यावर प्रेम करतात ती, तुच्छतेने मारलेली हाक, आणि रखेल. इतके अर्थ दिलेत, पण 'विवाहित स्त्री' त्यात कुठेच नाही. आणि मालकीण आणि रखेल हे दोन्ही अर्थ एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतायत.

एमआरएस, ज्याला आपण मिसेस वाचतो, हे मिस्ट्रेसचं लघुरूप. केंब्रिजच्या इतिहासकार एमी एरिक्सन यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलंय की अठराव्या शतकात मिसेस म्हणजे प्रतिष्ठेची बाई, स्वतःचा धंदा असलेली, हाताखाली माणसं असलेली, मग ती विवाहित असो, विधवा असो, अविवाहित असो. एलिझाबेथ कार्टर (१७१७–१८०६) या विदुषी, एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचं ग्रीकमधून भाषांतर केलेल्या, त्यांनी कधीच लग्न केलं नाही आणि सगळं लंडन त्यांना मिसेस कार्टर म्हणायचं. मोठ्या घरातल्या मुख्य स्वयंपाकीणबाई आणि हाउसकीपर यांनाही तसंच मिसेस, आणि ही पद्धत तर पुढेही खूप वर्षं टिकली.

मग मिस? ती लहान मुलींसाठी होती. आणि मोठ्या बाईला मिस म्हणणं ही सतराव्या शतकात चक्क शिवी होती, जॉन एव्हलिनने जानेवारी १६६२ मध्ये डायरीत एका नटीला अर्ल ऑफ ऑक्सफर्डची मिस म्हणतात असं लिहून पुढे कंसात सांगितलंय की हल्ली वाईट चालीच्या बायकांना असं म्हणायला लागलेत. पुढच्या शतकात तोच शब्द धुऊन-पुसून चांगल्या घरच्या अविवाहित तरुणींना लागला. जेन ऑस्टिनच्या काळात आलो की नियम पक्का झालेला असतो, घरातली थोरली मुलगी नुसतं आडनावाने मिस बेनेट आणि धाकट्या मिस एलिझाबेथ अशा नावाने. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचताना मिस बेनेट कोण आणि मिस एलिझाबेथ कोण असा गोंधळ होतो तो एवढं कळलं की सुटतो.

१८०० च्या आसपास खरी गडबड झाली. श्रीमंत घरांत बाईला नवऱ्याच्या पूर्ण नावाने मिसेस म्हणायला सुरुवात झाली, मिसेस जॉन अमुक, म्हणजे तिचं स्वतःचं नावही गेलं. त्यामागे कायदा होताच, इंग्लिश कॉमन लॉमध्ये लग्नानंतर बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात मिसळून जायचं, तिच्या मालमत्तेवर तिचा हक्क राहायचा नाही. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यांनी ते हळूहळू बदललं, आपल्याकडे तशा नावाचा कायदा १८७४ चा. पण कायदा बदलला तरी पाकिटावरचं नाव पुढची शंभर वर्षं तसंच राहिलं. जुन्या अमेरिकन पत्रव्यवहारात तर विधवा नवऱ्याच्याच नावाने मिसेस जॉन स्मिथ राहायची आणि घटस्फोटित बाई माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव जोडून लिहायची, मिसेस जोन्स स्मिथ अशी, म्हणजे पाकीट बघूनच पोस्टमनलाही कळावं.

म्हणून मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये (१७१८) किंवा कुठल्याही जुन्या चर्चमध्ये इंग्रजांच्या स्मृतिशिला वाचायला गेलात तर अठराव्या शतकातल्या मिसेसवर थांबू नका, पुढची ओळ वाचा. वाइफ ऑफ असेल तर बायको, रेलिक्ट ऑफ असेल तर विधवा. मृत्युपत्रात स्पिन्स्टर असेल तर अविवाहित, मूळ अर्थ सूत कातणारी, नंतर कायद्याच्या कागदातला साधा शब्द, आणि अजून नंतर टोमणा. इंग्लंडमधल्या विवाह नोंदणीत बॅचलर आणि स्पिन्स्टर २००५ पर्यंत लिहीत होते, मग दोघांसाठी सिंगल झालं. तेव्हा आजी-पणजीच्या काळातल्या सर्टिफिकेटवर स्पिन्स्टर दिसलं तर तो अपमान समजू नका.

मिझ कुठून आलं

पुष्कळ लोकांना वाटतं हे सत्तरच्या दशकातल्या बायकांच्या चळवळीने काढलेलं खूळ आहे. त्याच्या खूप आधी, १० नोव्हेंबर १९०१ च्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड संडे रिपब्लिकन या पेपरात कुणीतरी निनावी लिहिलंय की लग्न झालंय की नाही हे माहीत नसलेल्या बाईला काय म्हणावं यासाठी इंग्रजीत शब्द नाही, तर एमएस लिहावं आणि मिझ वाचावं. बेन झिमर या भाषातज्ज्ञाने २००९ मध्ये तो मजकूर शोधून काढला. पन्नाशीच्या दशकात ऑफिसची पत्रं कशी लिहावी सांगणाऱ्या पुस्तिकांतही एमएस होतं, निव्वळ वेळ वाचावा म्हणून.

चळवळीत ते आणलं शीला मायकेल्स यांनी. १९६१ मध्ये रूममेटला आलेल्या एका मासिकाच्या पत्त्यावर त्यांना एमएस दिसलं, आधी छपाईची चूक वाटली, मग वाटलं की कुणाही पुरुषाच्या मालकीची नसलेल्या बाईसाठी हाच शब्द हवा होता. बरीच वर्षं कुणी ऐकलं नाही. १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्या यावर बोलल्या, आणि स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनेम आणि मैत्रिणींनी १९७२ मध्ये मासिक काढलं तेव्हा त्याचं नावच मिझ ठेवलं. त्याच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आपल्या लोकांनी जरूर बघावं, निळ्या रंगाची आठ हातांची बाई, प्रत्येक हातात इस्त्री, तवा, टाइपरायटर, फोन असं काही ना काही, सरळ आपल्या देवीवरून घेतलेली. स्टायनेम पन्नासच्या दशकात भारतात राहून गेल्या होत्या.

न्यूयॉर्क टाइम्सने मात्र १९८६ पर्यंत मिझ छापलं नाही. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, नवऱ्याचं आडनाव झकारो, पण त्या माहेरचंच नाव लावायच्या. मिस लिहावं तर लग्न झालेलं, मिसेस फेरारो लिहावं तर ती त्यांची आई. दोन्ही चूक असताना पेपर मिसेस छापत राहिला. मला हे उदाहरण सगळ्यात चांगलं वाटतं कारण आज आपल्याकडे लग्नानंतर नाव न बदलणाऱ्या प्रत्येक मुलीच्या बाबतीत अगदी हाच घोळ होतो.

मराठीतून इंग्रजीत करताना

शेवटी आपल्या घरचं. कु., सौ., श्रीमती, गं. भा. हे सगळं डोळे मिटून मिस-मिसेस करू नका. सौ. म्हणजे नवरा हयात असलेली, इंग्रजी मिसेसमध्ये विधवाही येते, म्हणजे दोन्ही एक नाहीत. श्रीमतीचं तर फारच बघून करा, हिंदीवाले विवाहित बाईला श्रीमती म्हणतात, आपल्याकडे कित्येक घरांत श्रीमती म्हणजे विधवा असाच समज आहे, आणि सरकारी कागदात, ऑफिसच्या पाट्यांवर कुठल्याही बाईला श्रीमती लिहितात. हीच श्रीमती मिझच्या सगळ्यात जवळ जाते, तेव्हा सरकारी पत्राचं भाषांतर असेल तर मिझ करा, मिसेस नको.

परदेशातल्या पाहुण्यांना लग्नाची पत्रिका पाठवताना 'मिस्टर अँड मिसेस समीर जोशी' याऐवजी दोघांची पूर्ण नावं लिहा, आडनावं वेगळी असतील तर वेगळीच. आणि फॉर्मवर टायटलचा रकाना आला, स्वतःसाठी भरायचाय आणि कळत नाहीये, तर मिझ निवडा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लग्न झालेली बाईसुद्धा मिझ लावू शकते, न झालेलीही. ब्रिटनमधल्या फॉर्मवर एमएक्स असाही पर्याय दिसेल, मिक्स किंवा मक्स असा उच्चार करतात, ज्यांना बाई-पुरुष यातलं काहीच लावायचं नाही त्यांच्यासाठी तो आहे. आई-आजीचा फॉर्म आपण भरत असू तर तिला विचारून भरा, तिला मिसेस हवं असेल तर तेच टाका.